घरपोच शिक्का

मंडळी, आज जरा भांडायचं आहे.

मागच्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जाहिरात फिरत आली. ‘ज्येष्ठांसाठी घरपोच सेवा. मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, नोटरी, साक्षीदारांसह. एका तासात काम पूर्ण.’ त्याखाली धडाधड अंगठे. भाचीने लिहिलं, “मावशी, किती सोय झाली बघ! आता तुला कोर्टाच्या आवारात उन्हात उभं राहायला नको.” पुतण्या त्याच्यापुढचा. तो म्हणाला, “काकू, अमेरिकेत हे कधीपासून आहे. रात्री नऊ वाजतासुद्धा नोटरी बॅग घेऊन घरी येतो. आपल्याकडे आत्ता सुचतंय.”

मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. तिथे चार ओळींच्या वर गेलं की ‘काकूंचा निबंध आला’ म्हणतात. इथे निबंधच येतात आणि येणाऱ्या मंडळींना ते ठाऊक आहे :-) म्हणून इथे लिहिते. पुतण्याही वाचतोच चोरून.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर प्रतिक्रियांमध्ये पहिलं वाक्य तेच येईल. माझा नोटरी घरी येण्याला विरोध नाही. ज्याला जिना उतरवत नाही, ज्याच्या नाकात ऑक्सिजनची नळी आहे, ज्याला अर्धा तास खुर्चीत बसवत नाही, त्याच्या दाराशी कायद्यानेच गेलं पाहिजे. आमच्या ह्यांना गुडघे साथ देत नव्हते तेव्हा एका सरकारी कचेरीचे दोन मजले आम्ही कसे चढलो ते मला ठाऊक आहे. प्रत्येक वळणावर थांबत. लिफ्ट होती, पण ती ‘बंद आहे’ अशी पाटी इतकी जुनी होती की पाटीवरचा रंग उडाला होता.

पण गंमत अशी की ही सोय आत्ता सुचलेली नाही. १९०८ सालचा नोंदणी कायदा उघडा. त्यातलं ३१ वं कलम म्हणतं की सबळ कारण असेल तर दुय्यम निबंधक माणसाच्या राहत्या घरी जाऊन दस्त किंवा मृत्युपत्र स्वीकारू शकतो. ३८ वं कलम शारीरिक दुर्बलतेमुळे कचेरीत येऊ न शकणाऱ्यांना हजेरीतून सूट देतं. अशा वेळी अधिकाऱ्याने स्वतः त्याच्या घरी जावं, नाहीतर त्याची तपासणी करायला कोणाला तरी नेमून पाठवावं. इंग्रजांच्या काळातलं आहे हे, लोकमान्य मंडालेला गेले त्या सालचं. याला आपल्याकडे ‘गृहभेट’ असा छान शब्दही आहे. सरकार घरी येऊ शकतं ही गोष्ट शंभर वर्षांत आपल्याला कोणी सांगितली नाही, आणि एक जाहिरात आली की आपण अंगठे वर करतो. असो.

माझं भांडण नोटरीच्या येण्याशी नाही. त्या जाहिरातीतल्या दोन शब्दांशी आहे. एक ‘साक्षीदारांसह’ आणि दुसरा ‘एका तासात’.

त्याआधी नोटरी करतो काय, ते बघू. बत्तीस वर्षं शाळेत काढल्यामुळे मला शाळेचीच उपमा सुचते. नोटरी हजेरी घेतो. पेपर तपासत नाही. ‘अमुक अमुक माझ्यासमोर आला, तो तोच आहे याची मी खात्री केली, त्याने सही केली.’ संपलं. आत लिहिलेलं खरं आहे का, न्याय्य आहे का, सही करणाऱ्याला त्यातलं किती कळलं, हा त्याच्या शिक्क्याचा विषय नाही. कॅलिफोर्नियात तर २०१५ पासून नोटरीच्या दाखल्यावर चौकटीत छापावंच लागतं की हा अधिकारी फक्त सही करणाऱ्याची ओळख पटवतो, कागदाचा खरेपणा, अचूकपणा किंवा वैधता नाही. इतकं स्वच्छ! आपल्याकडे अशी चौकट नाही. असती तरी लाल गोल शिक्का बघितल्यावर खालचं कोण वाचतं?

पुतण्याने अमेरिकेचं नाव काढलंच आहे तर तिथलंही सांगते, कारण लेकीकडे सहा महिने राहताना मी हे जवळून पाहिलं. तिथला नोटरी वकील असावा लागत नाही. आपल्याकडे साधारण दहा वर्षं (महिलांना आणि मागासवर्गीयांना सात) वकिली झाल्याशिवाय नोटरी होता येत नाही. कॅलिफोर्नियात ६ तासांचा अभ्यासक्रम, एक परीक्षा, बोटांचे ठसे देऊन चारित्र्याची तपासणी आणि १५,००० डॉलरचा बाँड. एवढं केलं की चार वर्षांसाठी नेमणूक. माणूस एरवी घरं विकणारा असेल, बँकेत असेल, निवृत्त असेल. एका सहीमागे जास्तीत जास्त १५ डॉलर घेता येतात. येण्याजाण्याचे वेगळे, ते आपसात ठरवायचे. खरी कमाई त्या येण्याजाण्यातच. लॅटिन अमेरिकेत ‘नोटारिओ’ म्हणजे मोठा वकील, म्हणून तिकडून आलेली माणसं फसू नयेत यासाठी कॅलिफोर्नियात नोटरीने जाहिरातीत स्वतःला तो स्पॅनिश शब्द लावायलाच बंदी आहे. आपल्या लोकांसाठीही अशी काही सोय हवी होती. आपलाही समज तोच असतो, नोटरी म्हणजे वकीलच, त्याने बघितलं म्हणजे झालं.

आणि तिथे हे घरोघरी फिरणारे नोटरी एवढे का लागतात? तिथे घर ‘लिव्हिंग ट्रस्ट’मध्ये घालायची पद्धत आहे. माणूस गेल्यावर कोर्टाची लांब आणि महाग प्रक्रिया टळावी म्हणून. मग कागदांचा एक गठ्ठा होतो. ट्रस्टचा करार, घर ट्रस्टच्या नावे करणारं खत, पैशांच्या व्यवहारांचं मुखत्यारपत्र, आजारपणात काय करावं याची सूचना आणि शिवाय मृत्युपत्र. घराच्या खताला नोटरी लागतो, नाहीतर सरकारदरबारी त्याची नोंद होत नाही. मुखत्यारपत्राला आणि आजारपणाच्या कागदाला नोटरी किंवा दोन साक्षीदार. आणि ज्याची सगळे धास्ती घेतात त्या मृत्युपत्राला नोटरी लागतच नाही, दोन साक्षीदार पुरतात.

अशाच एका सही-समारंभाला मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. लेकीच्या शेजारचं मराठी कुटुंब. आजोबा ऐंशीच्या पुढचे, मुलाकडे राहायला येऊन बरीच वर्षं झालेली. इंग्रजी ‘थँक्यू’ आणि ‘गुड मॉर्निंग’पुरतं. मुलाने सगळी तयारी केली होती. जेवणाच्या टेबलावर गठ्ठा, जिथे सही करायची तिथे पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या. पेनसुद्धा टोपण काढून ठेवलेलं. सुनेने बेसनाचे लाडू ठेवले होते. मला तर एखादा साखरपुडा असल्यासारखं वाटलं.

नोटरी बाई आल्या. पन्नाशीच्या असाव्यात, हातात चाकाची बॅग, त्यात नोंदवही आणि अंगठ्याच्या ठशाची पेटी. (तिथे घराच्या खतासाठी आणि मुखत्यारपत्रासाठी नोंदवहीत अंगठा घ्यावाच लागतो. आपण निरक्षरांचा अंगठा म्हणून हसतो त्याला!) त्यांनी आजोबांचा पासपोर्ट पाहिला, आणि मुलाकडे न बघता सरळ आजोबांना इंग्रजीत विचारलं की तुम्ही आज कशावर सही करताय. आजोबांनी मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, “मी सांगतो त्यांना मराठीत.” बाई म्हणाल्या, नाही. मला त्यांच्याशी थेट बोलता आलं पाहिजे, मधे दुभाषा चालत नाही. त्यांची भाषा येणारा नोटरी बोलवा. येण्याचे पैसे घेतले, लाडूला हात लावला नाही, बॅगेची चाकं फरशीवर वाजवत गेल्या.

मुलगा इतका चिडला! “हा काय मूर्खपणा. स्वतःच्या वडिलांना मी फसवणार आहे का?” सगळ्यांनी त्याला दुजोरा दिला. माझ्या जावयानेसुद्धा. ‘नसता फाटा’ म्हणाले. मी त्या घरात पाहुणी, गप्प बसले. पण इथे पाहुणी नाही. तर सांगते, त्या खोलीत त्या दिवशी आजोबांशी बोलायची गरज वाटलेली एकच व्यक्ती होती आणि तिला मराठी येत नव्हतं.

आठवड्याभराने मराठी येणाऱ्या एक नोटरी मिळाल्या, तासभर गाडी चालवून आल्या. त्यांनी तोच प्रश्न मराठीत विचारला. आजोबा म्हणाले, “घराचे कागद आहेत एवढं सांगितलंय.” मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “या घरात माझं नाव आहे का?” होतं. दादरची खोली विकून आलेले पैसे या घरात घातले तेव्हा मुलानेच ते घातलं होतं. प्रामाणिकपणे घातलं होतं, हे मुद्दाम सांगते. आणि आता ते काढून मुलाच्या ट्रस्टमध्ये जाणार होतं. “म्हणजे सही केल्यावर माझं काय राहतं?” आजोबांनी नोटरीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “ते मला सांगता येणार नाही काका, मी वकील नाही. वकिलाला विचारा.” आजोबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “मग मला थोडे दिवस द्या.”

पुढे काय झालं ते मला विचारू नका, माझं परतीचं तिकीट होतं. मुलगा वाईट नव्हता, हे पुन्हा सांगते. रोज सकाळी वडिलांच्या पायांना तेल लावायचा. पण तेल लावणं वेगळं आणि कागद वाचून दाखवणं वेगळं. पहिलं त्याला सुचलं, दुसरं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की दोन प्रश्न विचारायला त्या माणसाला कोणीतरी परकं घरात यावं लागलं, आणि त्या परक्याने नियम पाळावा लागला. तो नियम म्हणजे ‘नसता फाटा’ नव्हे.

आता इकडे या. आपल्याकडे कागद पिशवीत घालून जातो आणि शिक्का घेऊन परत येतो, ज्याची सही आहे तो घरी टीव्ही बघत असतो. हे मी पाहिलेलं आहे, तुम्हीही पाहिलेलं आहे. सगळे नोटरी तसे नाहीत; आमच्या गावात एक वकीलसाहेब होते, माणूस समोर आल्याशिवाय शाईची डबी उघडत नसत, आणि त्यामुळे त्यांच्या टेबलापुढे रांग नसे. पण तसे असतात, आणि आपल्याला ते सोयीचे वाटतात. तेव्हा ‘नोटरी घरी येतो’ ही खरं तर सुधारणाच आहे. निदान माणसाचं तोंड तरी बघतो!

बरं, मृत्युपत्राला आपल्याकडेही नोटरी लागत नाही. पुन्हा लिहिते, कारण हे वाक्य मी गेल्या दहा वर्षांत इतक्या जणांना सांगितलं आणि इतक्या जणांनी ‘अहो पण नोटरी केलेलं बरं ना’ म्हटलं की घसा बसला. भारतीय वारसा कायदा, १९२५, कलम ६३. करणाऱ्याने सही करावी किंवा अंगठा द्यावा. दोन साक्षीदार, त्या प्रत्येकाने ती सही होताना पाहिलेली असावी किंवा करणाऱ्याने ‘ही माझीच’ असं त्याला सांगितलेलं असावं, आणि त्या प्रत्येकाने करणाऱ्यासमोर सही करावी. झालं. स्टॅम्प पेपर नको. कोरा कागद चालतो. वहीचं पान चालतं. मराठीत चालतं, आणि मी तर म्हणते मराठीतच लिहावं. ज्या भाषेत आयुष्यभर भाजीचा हिशेब लिहिला त्या भाषेत घराचाही लिहिता येतो. ‘सदरहू मिळकतीचे चतुःसीमेसह’ असलं काही लागत नाही. कुठलं घर, कोणाला, का, हे समजेल असं लिहा. नोंदणी ऐच्छिक आहे. केली तर उत्तम, नाही केली म्हणून रद्द होत नाही. कोणाला कळू द्यायचं नसेल तर सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवायची सोयही त्याच १९०८ च्या कायद्यात आहे.

(शब्दाबद्दलही एक कुरकूर. ‘मृत्युपत्र’ म्हटलं की घरातली म्हातारी ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हणते. ‘इच्छापत्र’ म्हणा. मरणाचं नसतंच ते, इच्छेचं असतं. पण कोर्टकचेरीत मृत्युपत्रच रुळलंय, त्याला काय करणार.)

आता त्या ‘साक्षीदारांसह’कडे येते. साक्षीदार म्हणजे काय केटरिंगवाल्याच्या खुर्च्या आहेत, की आमच्याकडे नाहीत म्हणून तुम्ही घेऊन या? साक्षीदार सहीपुरता नसतो. उद्या भांडण कोर्टात गेलं तर मृत्युपत्र सिद्ध करायला त्यातला निदान एक साक्षीदार, हयात असेल तर, कोर्टात उभा राहावा लागतो. पूर्वीच्या पुरावा कायद्यात हे होतं, २०२४ च्या जुलैपासून आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. मृत्युपत्र नोंदवलेलं असलं तरी ते चुकत नाही. म्हणजे बारा वर्षांनी कोणीतरी उभं राहून सांगायचं आहे की हो, मी त्या दुपारी तिथे होतो, त्या बाई शुद्धीवर होत्या, त्यांनी मला चहा विचारला, आणि स्वतःच्या हाताने सही केली. जाहिरातवाल्याने स्कूटरवर मागे बसवून आणलेला मुलगा बारा वर्षांनी कुठे शोधणार? आणि सापडला तरी तो काय सांगणार? त्या महिन्यात त्याने चाळीस घरं केली असतील.

साक्षीदार आपला असावा, पण वारस नसावा. शेजारी, जुने सहकारी, घरचे डॉक्टर. आपल्यापेक्षा वयाने लहान असावा हे तर साधं शहाणपण आहे. पंचाहत्तरीच्या बाईने ऐंशीच्या मैत्रिणींना साक्षीदार करायचं म्हणजे यमराजाशी पैज लावण्यासारखं!

आणि ‘एका तासात’. कशाला घाई? ती घाई कोणाला आहे? मी पाहिलंय, ती घाई बहुधा सही करणाऱ्याला नसते. दवाखान्यात सलाईन चालू आहे, डॉक्टर म्हणालेत ‘बोलवून घ्या सगळ्यांना’, आणि मग कोणाला तरी कागद आठवतात. वीस वर्षं कोणी विचारलं नाही, आणि आता उशीला टेकवून बसवायचं, हात धरायचा, पेन बोटांत अडकवायचं. नोटरीही येतो तिथे. हजेरी घेतो. हजर आहे का? हजर.

सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगून ठेवलंय की मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, म्हणजे सही डळमळीत असेल, करणाऱ्याचं मन दुबळं झालेलं असेल, ज्याला मोठा लाभ होतोय त्यानेच ते करून घेण्यात पुढाकार घेतलेला असेल, तर तो संशय दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर आहे. तेव्हा माझ्या गुणी भाचरांनो, पुतण्यांनो, घाईघाईने करून घेतलेला तो कागद तुमच्याच गळ्यात पडतो. शिक्का तिथे मदतीला येत नाही.

पुतण्या म्हणेल, “काकू, तुमच्या पिढीला संशयच फार.” हो बाबा, आहे. बापाच्या तेराव्याला जेवणाची पंगत उठायच्या आत ज्या पिढीतल्या मुलींपुढे हक्कसोडपत्र ठेवलं गेलं, त्या पिढीची आहे मी. “ताई, इथे सही कर, नुसती औपचारिकता आहे.” भाऊ रडत होता, आई रडत होती, आपणही रडत होतो. डोळे पुसून सही करायची. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाइतकाच वाटा आला. पण औपचारिकता काही गेली नाही, फक्त कागदावरचा मजकूर बदलला. हक्कसोडपत्राला निदान नोंदणी लागते, कचेरीत जावं लागतं, तिथे कोणी तरी विचारतं. तिथे जाईपर्यंतच्या बसमध्ये विचार करायला वेळ मिळतो. तो वेळही घरपोच सेवेने वाचवायचा का?

दोष फक्त मुलांचा नाही हेही लिहायला हवं, नाहीतर माझ्याच वयाची मंडळी टाळ्या वाजवून मोकळी होतील. “तूच बघ रे बाबा, मला काय कळतंय” हे वाक्य आपण किती वेळा म्हणतो? तीस वर्षं नोकरी केली, पगाराची एकेक पै मोजली, सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून तासभर भांडलो, आणि स्वतःच्या घराचा कागद आला की आपण एकदम भोळे. चष्मा सापडत नाही. इंग्रजी आहे म्हणे. माझं बी.ए. मराठी माध्यमातून झालं, मलाही वकिली इंग्रजी कळत नाही. पण ‘मराठीत करून द्या, रात्रभर घरी ठेवते, उद्या सही करते’ हे म्हणायला कुठली पदवी लागते? ज्या वकिलाला हे चालत नाही तो वकील बदलावा. जो मुलगा यावर रुसतो त्याला रुसू द्यावं, जेवायच्या वेळेपर्यंत येतो.

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर याचा, की जिथे नोटरी लागत नाही तिथे आपण त्याला पालखीत बसवून आणतो, आणि जिथे खरोखर लागतो तिथे कोणी फिरकत नाही. ते आहे वैद्यकीय इच्छापत्र, ज्याला ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. बरं होण्याची आशा संपली, आपल्याला बोलता येत नाही, तर यंत्रांवर ठेवायचं की नाही, हे शुद्धीवर असताना लिहून ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते मान्य केलं, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही ठेवली, म्हणजे कोणी करायलाच नको! २०२३ च्या जानेवारीत ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे. प्रत घरच्या डॉक्टरांना, आणि एक महापालिका-नगरपालिका-ग्रामपंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे.

आणि इथे नोटरीचं काम नुसती हजेरी नाही, हे नीट बघा. साक्षीदारांनी आणि नोटरीने इथे नोंदवायचं असतं की हे स्वेच्छेने, कोणाच्या दबावाखाली न येता, परिणाम पूर्ण समजून केलेलं आहे याची आमची खात्री पटली आहे. म्हणजे पेपर तपासायचा आहे! त्यासाठी बसायला लागतं, बोलायला लागतं, म्हाताऱ्याला विचारायला लागतं की आजोबा, व्हेंटिलेटर म्हणजे काय ते ठाऊक आहे का. यासाठी घरी यावं नोटरीने. यासाठी घरपोच सेवा काढा, मी स्वतः ग्रुपवर अंगठा देईन. पण या कागदाने कोणाला फ्लॅट मिळत नाही. त्यामुळे जाहिरातीत तो नव्हता.

माझं इच्छापत्र झालेलं आहे. मराठीत, शाळेच्या दुरेघी वहीसारख्या कागदावर, दोन पानं. साक्षीदार दोघं, माझ्याच शाळेत माझ्यानंतर लागलेल्या एक बाई आणि आमच्या कोपऱ्यावरचे औषधवाले. लेकाला आणि लेकीला ठाऊक आहे की ते कुठे आहे, आत काय आहे ते नाही. वैद्यकीय कागद राहिला होता, तो या महिन्यात करते आहे. आमच्याकडच्या एका नोटरी बाईंना फोन केला होता. त्यांना म्हटलं, तासात होणार नाही, दुपारचा चहा धरून या. त्या हसल्या आणि रविवार दिला. लेकीचं नाव त्यात माझ्या वतीने संमती देणारी म्हणून घालायचं आहे, म्हणून तिच्याशी फोनवर दोनदा सविस्तर बोलून झालंय, एकदा भांडूनही. लेक आणि सून इथेच असतात. त्या दोघांना मी रविवारची दुपारच्या नाटकाची तिकिटं काढून दिली आहेत. साडेचारचा प्रयोग आहे, आठच्या आत घरी येऊ नका असंही सांगितलं आहे.